ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाचा विश्वास उरला नाही तर कोल्हापुरात मंडळी, कागदपत्रं, लग्न आणि माती यांचं काय?

निळा_डोंगर | रविवार, रात्री १०:१२

बाळपणी बाप्तिस्मा, शाळेत असतानाच दृढीकरण (कन्फर्मेशन), संडे स्कूल, तरुण संघ, नाताळची कॅरल राउंड, सगळं रीतसर झालेलं असतं. मग एका टप्प्यावर विश्वास उरत नाही. अशी माणसं आपल्या भागात कमी नाहीत. ती बोलत नाहीत एवढंच, कारण समाज लहान आहे आणि प्रत्येक जण प्रत्येकाच्या मामाला ओळखतो. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. तिथून मोजलं तर काही घरांत पाचवी-सहावी पिढी ख्रिस्ती आहे. आडनाव, सोयरीक, शाळा, दवाखाना, दफनभूमी सगळं त्याच धाग्यात ओवलेलं.

माझं मत असं की विश्वास सुटणं हा एक प्रश्न आहे. बाप्तिस्म्याची नोंद, मंडळीचं (म्हणजे स्थानिक चर्चचं) सभासदत्व, लग्न, वारसा आणि दफन हे पाच निराळे प्रश्न आहेत. लोक सगळ्यांचा एकच गठ्ठा करतात आणि मग एक तर सगळं एका दिवसात तोडतात, नाहीतर जन्मभर गप्प बसतात.

इंटरनेटवर सापडतं ते बहुतेक युरोप-अमेरिकेतलं. इथलं माहीत असलेल्यांनी लिहावं: रजिस्टरातून नाव निघतं का, सरकारी कागदावर 'धर्म नाही' असं होतं का, लग्न कुठल्या कायद्यानं लावायचं, शेवटी माती कुठं द्यायची. आपबिती नको, माहिती हवी.

शाहूपुरीकर | रविवार, रात्री १०:३१

कॅथलिक की प्रोटेस्टंट? दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत.

निळा_डोंगर | रविवार, रात्री १०:३५

दोन्हींबद्दल लिहा. कोल्हापुरात दोन्ही आहेत, आणि आता पेंटेकॉस्टल पंथाच्या संगती, म्हणजे स्वतंत्र प्रार्थनागट, याही बऱ्याच झाल्यात.

दप्तरखाना | रविवार, रात्री ११:२०

नोंदींपासून सुरुवात करतो.

बाप्तिस्म्याचं रजिस्टर म्हणजे आडव्या रकान्यांची जाड वही. अनुक्रमांक, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, नाव, आईवडील, धर्ममातापिता, विधी करणाऱ्याची सही, आणि उजव्या कडेला शेऱ्यासाठी अरुंद रकाना. जे काही करता येतं ते त्या शेवटच्या रकान्यात. मुख्य नोंद खोडत नाहीत, कारण ती 'अमुक दिवशी अमुक विधी झाला' एवढंच सांगते, आणि तो झालेला असतो. कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या धर्मकायद्याच्या ५३५व्या कलमाप्रमाणे दृढीकरण, लग्न, गुरुदीक्षा यांची टीप त्याच नोंदीशेजारी करायची असते. म्हणून चर्चमध्ये लग्न ठरलं की जुना दाखला चालत नाही, नवा काढायला सांगतात. नव्यावर शेरे उतरलेले असतात.

कॅथलिक चर्चमध्ये 'औपचारिकपणे बाहेर पडण्याची' एक वाट काही वर्षं होती. २००६ मध्ये रोमनं तिची पद्धत ठरवून दिली: लेखी निवेदन, तेही बिशपांपुढं किंवा धर्मगुरूंपुढं स्वतः हजर राहून. पण ऑक्टोबर २००९ मध्ये पोपनी लग्नाच्या कलमांतून तो उल्लेखच काढून टाकला. त्यामुळं जुनी माहिती वाचून कुणी अर्ज घेऊन गेलं तर फादर पत्र ठेवून घेतील, फार तर शेरा मारतील. चर्चच्या दृष्टीनं बाप्तिस्मा पुसला जात नाही.

सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये, गोष्ट सोपी आहे. तिथं दोन याद्या असतात: बाप्तिस्म्याची आणि सभासदांची. दुसरीतून नाव निघतं. पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिटी (मंडळीचा कारभार बघणारी समिती) यांच्या नावे साधं पत्र: नाव, घरचा पत्ता, सभासद क्रमांक असल्यास तो, 'अमुक तारखेपासून माझे सभासदत्व संपवावे', सही. दोन प्रती करायच्या, एकीवर पोच घ्यायची. कारण लिहायची सक्ती नाही आणि लिहूही नये. कारण लिहिलं की कमिटीच्या बैठकीत त्या कारणावर चर्चा होते आणि अर्ज लोंबकळतो.

पंचगंगा_काठ | रविवार, रात्री ११:४४

म्हणजे जर्मनीत सरकारी कार्यालयात जाऊन लोक चर्च सोडतात, तसलं इथं काही नाही?

दप्तरखाना | रविवार, रात्री ११:५२

नाही. तिकडं चर्चचा कर सरकार वसूल करतं, आयकराच्या ८ किंवा ९ टक्के. तो थांबवायचा तर सरकारदरबारी नोंद बदलावीच लागते. आपल्याकडं वर्गणी आणि दशांश ऐच्छिक आहेत. देणं थांबवलं की थांबलं. वर्गणी बराच काळ थकली की चर्चच्या मतदार यादीतून नाव गळतं, ते पत्राशिवायच.

जुनी_मंडळी | सोमवार, सकाळी ७:०५

सर्वांना सलाम. मी विश्वास ठेवणाऱ्यांपैकी आहे, तरीही लिहितो, कारण प्रश्न प्रामाणिक आहे.

पत्र लिहिण्याआधी एक तपासून बघा. बिनसलंय ते कुणाशी? देवाशी, पवित्र शास्त्राशी, मंडळीशी की पाळकांशी? चारही वेगळे आहेत. चर्चच्या मालमत्तेचे वाद, निवडणुकीतली गटबाजी, कोर्टकज्जे यांना विटलेला माणूस 'माझा विश्वास उडाला' म्हणतो आणि दोन वर्षांनी दुसऱ्या संगतीत टाळ्या वाजवत गात असतो. त्याचा विश्वास उडालेला नव्हता, त्याला कमिटी नको होती. त्याच्यासाठी मंडळी बदलणं पुरेसं आहे. आणि देवच नाही या निष्कर्षाला जो शांतपणे आला आहे, त्याला 'दुसऱ्या चर्चला जाऊन बघ' हा सल्ला देऊ नये. तो त्याचा अपमान आहे.

उत्तरेश्वर_पेठ | सोमवार, सकाळी ९:१८

जुनी_मंडळी, पवित्र शास्त्राशीच बिनसलं असेल तर? संडे स्कूलमध्ये एकेक गोष्ट सुटी सुटी शिकवतात म्हणून लक्षात येत नाही. शेजारी शेजारी ठेवून वाचा. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत, त्याचा मृत्यू मत्तय २७:५ मध्ये गळफासानं, प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये पडून पोट फुटून. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ आणि लूकच्या तिसऱ्यातली यांत योसेफाच्या वडिलांचंच नाव जुळत नाही. येशूचा जन्म मत्तय हेरोद राजाच्या हयातीत सांगतो, लूक क्विरिनियसच्या नावनिशीच्या (रोमन जनगणनेच्या) वेळी. हेरोद वारला इ.स.पू. ४ मध्ये असं बहुतेक इतिहासकार धरतात, आणि ती नावनिशी इ.स. ६ची. मार्कच्या सोळाव्या अध्यायातल्या ९ ते २० या ओव्या सर्वांत जुन्या दोन पूर्ण हस्तलिखितांत, सिनाय आणि व्हॅटिकन प्रतींत, नाहीत. योहानातली व्यभिचारी स्त्रीची गोष्टही त्यांत नाही. ही शत्रूंनी काढलेली खुसपटं नव्हेत, सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षणात, शिकवतात.

जुनी_मंडळी | सोमवार, सकाळी १०:४०

शिकवतात, बरोबर. आणि तीच माझी तक्रार आहे. सेमिनरीत शिकवतात ते व्यासपीठावरून सांगत नाहीत. अक्षर न् अक्षर निर्दोष असं ज्या पोराला शिकवलं, त्याचा विश्वास एका विसंगतीनं कोसळतो. तो कोसळण्याचा दोष पोराचा नाही. 'मूळ लेखनात एकही चूक नाही' ही आज ज्या ताठरपणे सांगतात तशी भूमिका अमेरिकेत १९७८ च्या शिकागो जाहीरनाम्यात ठरीव शब्दांत मांडली गेली. सीएनआय तर २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन झाली. शास्त्राकडं बघण्याच्या अनेक रीती तिच्यात पहिल्यापासून आहेत.

मराठी ख्रिस्ती परंपरेत प्रश्न विचारणं नवं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टरांशी त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण) आणि चर्चचा अधिकार यांवरून पत्रांतून वाद घातला. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. दोघं ख्रिस्ती राहिले. म्हणून सांगतो, शंका आणि त्याग यांच्यात बरीच मोठी जमीन आहे, तिथं राहता येतं.

उत्तरेश्वर_पेठ | सोमवार, सकाळी ११:०२

राहता येतं हे मान्य. पण त्या जमिनीवर राहणाऱ्यानं मतांगिकार (उपासनेत सगळ्यांनी म्हणायची विश्वासाची कबुली) म्हणताना ओठ हलवायचे की नाही? रमाबाई आणि टिळक येशूला सोडत नव्हते. ज्याचं येशूवरच मन राहिलं नाही, त्याला त्यांची उदाहरणं लागू पडत नाहीत.

गुळाची_ढेप | सोमवार, सकाळी ११:१५

प्रभुभोजनाचं, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचं, काय करायचं? जागेवर बसून राहिलं तर अख्खी रांग बघते.

जुनी_मंडळी | सोमवार, सकाळी ११:३०

बसून राहा. १ करिंथ ११:२८ मध्ये पौलानं प्रत्येकानं आधी स्वतःची परीक्षा करावी असं सांगितलंय, त्यामुळं न घेणाऱ्याला 'का घेतलं नाहीस' असं विचारायचा अधिकार कुणालाच नाही. मागच्या बाकावर, कडेला बसलं तर इतरांना वाट द्यायला उठावंही लागत नाही. विश्वास नसताना घेऊ मात्र नका. घरच्यांच्या समाधानासाठीसुद्धा नको. ती वस्तू ज्यांना पवित्र आहे त्यांच्याशी तेवढं प्रामाणिक राहा.

काळा_कोट | सोमवार, दुपारी २:१०

सरकारी कागदांबद्दल लिहिते.

आधार, पॅन, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांवर धर्म नसतोच. धर्म असतो तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, जातीच्या किंवा अल्पसंख्याक दाखल्यावर, लग्नाच्या कागदांत आणि जनगणनेत. जनगणनेत तोंडी सांगाल ते लिहून घेतात. २०११ मध्ये देशभरात सुमारे २८.७ लाख लोकांची नोंद 'धर्म सांगितला नाही' या रकान्यात आहे.

राजपत्रात 'धर्म नाही' अशी नोंद करायची असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४ चा निकाल हाताशी ठेवा. न्यायमूर्ती ओक आणि न्यायमूर्ती चांदूरकर यांचं खंडपीठ होतं. अर्जदार ख्रिस्ती घरातलेच होते. येशूवर श्रद्धा आहे, पण आम्ही कुठल्याच धर्माचे नाही, असं म्हणत त्यांनी शासकीय मुद्रणालयाकडं अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता. न्यायालयानं सांगितलं की घटनेच्या २५व्या कलमातल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात 'मला धर्म नाही' म्हणण्याचा हक्क येतो आणि सरकार कुणालाही धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही.

अर्ज अडतो तो एकाच ठिकाणी. धर्मबदलाच्या नमुन्यात नव्या धर्माच्या संस्थेचा दाखला मागतात. इथं दाखला देणारी संस्थाच नाही. म्हणून प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहायचं की 'मी दुसरा धर्म स्वीकारलेला नाही', आणि सोबत निकालाची प्रत जोडायची. जुना धर्म लिहिताना शाळेच्या दाखल्यावर आहे तोच शब्द लिहा. दाखल्यावर 'ख्रिश्चन' आणि अर्जात 'प्रोटेस्टंट' असं झालं की शंका काढून परत पाठवतात.

शाळेच्या दाखल्यामागं लागू नका. माध्यमिक शाळा संहितेचा २६.४ हा नियम शाळा सोडल्यानंतर उघड लेखनचूक सोडून बदल करू देत नाही. आणि तुमच्या जन्मावेळी घर ख्रिस्ती होतं ही नोंद चूक नव्हेच.

शाहूपुरीकर | सोमवार, दुपारी ३:४५

काळा_कोट ताई, राजपत्राची गरज किती जणांना आहे? माझ्या मते शंभरात पाचही नसतील. उगाच कागद करून ठेवला आणि उद्या पोराच्या अल्पसंख्याक कोट्यातल्या प्रवेशावेळी तोच आडवा आला तर?

काळा_कोट | सोमवार, दुपारी ४:०५

गरज थोड्यांनाच आहे, बरोबर. पण तुमचं दुसरं वाक्य मला मान्य नाही. धर्म सोडायचा आणि त्याच्या नावावरची जागा धरून ठेवायची, हे दोन्ही एकत्र करू नये. सवलत घेत असाल तर ख्रिस्ती म्हणून नोंद राहू द्या. राजपत्र केलंत तर सवलत सोडा.

माळावरचा | सोमवार, सायंकाळी ६:२०

घराणं मुळात अनुसूचित जातीतलं, आजोबांच्या आधीपासून ख्रिस्ती. आता ख्रिस्ती नाही म्हटल्यावर जातीचा दाखला मिळतो का? हा प्रश्न मोठ्यानं कुणी विचारत नाही, म्हणून विचारतो.

काळा_कोट | सोमवार, सायंकाळी ७:००

निव्वळ 'धर्म नाही' म्हटल्यानं मिळत नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशाचा तिसरा परिच्छेद हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध एवढ्यांनाच मान्यता देतो. निधर्मी त्यात बसत नाही.

परत मूळ धर्मात गेलं तर सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये के. पी. मनू प्रकरणात तीन गोष्टी सिद्ध करायला सांगितल्या: पूर्वज त्याच जातीचे होते याचा ठोस पुरावा, खरोखर झालेलं पुनर्धर्मांतर, आणि त्या जातीच्या समाजानं स्वीकारल्याचा पुरावा. तिसरी अट सर्वांत जड जाते. पहिल्या अटीसाठी जुन्या मिशन शाळांचे आणि महसुली कागद उपयोगी पडतात, कारण काहींवर ख्रिस्ती नावापुढं मूळ जात लिहिलेली सापडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सेल्वराणी प्रकरणात न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की मनातून विश्वास नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचं दाखवणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. त्या अर्जदार नियमित चर्चला जात होत्या, हे त्यांच्या विरोधात गेलं.

माळावरचा | सोमवार, सायंकाळी ७:२२

समजलं. अन्याय त्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. जात धर्म बदलल्यानं जात नाही, चर्चच्या बाकांवर आणि सोयरिकीतही दिसते. ही लढाई ख्रिस्ती राहिलेल्यांनी आणि सोडलेल्यांनी मिळून लढायला हवी.

काळा_कोट | सोमवार, रात्री ९:१५

आता लग्न. सर्वांत जास्त घोटाळे इथं होतात.

जोडीदार हिंदू असेल आणि तुमच्यावर अजून ख्रिस्ती म्हणून नोंद असेल, तर मंदिरात किंवा हॉलमध्ये अक्षता टाकून हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करू नका. तो कायदा दोघंही हिंदू असतील तरच चालतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिंदू-ख्रिस्ती जोडप्याचं असं लग्न रद्दबातल ठरवलं आहे. सत्यशोधक पद्धतीनं लग्न करायची इच्छा आपल्या भागात पुष्कळांची असते. जरूर करा, पण तो झाला सोहळा. कायद्याचं लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली करा.

त्याची रीत: दोघांपैकी एक जण जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, ३० दिवस थांबायचं. नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या दिवशी ३ साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह. हरकत फक्त चौथ्या कलमाच्या कारणांवर घेता येते: आधीचा जोडीदार हयात असणं, वय, मानसिक असमर्थता, निषिद्ध नातं. 'मुलगी ख्रिस्ती आहे', 'घरच्यांना मान्य नाही' या हरकती त्यात बसत नाहीत.

ठेच लागते ती नोटिशीवरच्या पत्त्याला. आधारवर गावचा पत्ता आणि राहणं राजारामपुरीत असेल तर आधी पत्ता बदला किंवा भाडेकरार नोंदवा, मगच नोटीस द्या.

रविवारची_घंटा | मंगळवार, सकाळी ८:३०

एवढं कशाला? दोघं ख्रिस्ती घरातलेच असतील तर आईवडिलांसाठी चर्चमध्ये लग्न लावून घ्यावं. एका तासाचा प्रश्न.

जुनी_मंडळी | मंगळवार, सकाळी ८:५५

एका तासाचा नाही. वेदीपुढं देवाला साक्षी ठेवून शपथ घ्यायची असते. साक्षीदारच नाही असं मानणाऱ्यानं ती घेऊ नये, आणि पाळकांनाही अंधारात ठेवू नये. त्यापेक्षा आधी नोंदणी लग्न करा आणि घरी पाळकांना बोलावून वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करावी. आईवडील प्रार्थना करतात, तुम्ही आदरानं उभे राहता. यात कुणीच खोटं बोलत नाही.

दप्तरखाना | मंगळवार, सकाळी ९:४०

कॅथलिकांसाठी जोड. कलम १०७१ प्रमाणे ज्यानं विश्वास उघडपणे नाकारला आहे त्याचं लग्न बिशपांच्या परवानगीशिवाय फादर लावू शकत नाहीत. म्हणजे लपवून केलं तर अडचण फादरची होते. आणि २००९ च्या बदलानंतर, चर्च सोडलेल्या कॅथलिकाचं केवळ नोंदणीनं झालेलं लग्न चर्च ग्राह्य धरत नाही. कायद्यानं ते पूर्ण वैध आहे. फरक पडतो तो पुढं दोघांपैकी कुणाला चर्चच्या चौकटीत काही हवं असेल तरच.

पंचगंगा_काठ | मंगळवार, सकाळी १०:१५

चर्चमध्ये लग्न होऊन गेलंय आणि नंतर एकाचा विश्वास गेला, तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो का?

काळा_कोट | मंगळवार, सकाळी १०:५०

त्या एका कारणावर नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या दहाव्या कलमात कारण आहे ते 'दुसऱ्या धर्मात जाऊन ख्रिस्ती न राहणं'. नुसतं अश्रद्ध होणं त्यात येत नाही.

वारशाचंही सांगून टाकते. ख्रिस्ती आईवडिलांची मिळकत भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे वाटली जाते: जोडीदाराला एक तृतीयांश, बाकी मुलांना समान. मुलानं विश्वास सोडला म्हणून त्याचा वाटा जात नाही. 'चर्च सोडलंस तर घरात वाटा नाही' ही धमकी, मृत्युपत्र केलेलं नसेल तर पोकळ आहे.

तुमच्या स्वतःच्या मिळकतीचं मात्र गुंतागुंतीचं आहे. जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही, त्याला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो अशी त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाची रचना आहे. म्हणजे 'धर्म नाही' म्हणणारा त्या कायद्यात ओढला जाऊ शकतो. केरळमधल्या मुस्लिम घरातल्या एका अश्रद्ध स्त्रीची याच स्वरूपाची याचिका २०२४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढं आहे. विशेष विवाह कायद्यानं लग्न झालं असेल तर बहुतेकदा १९२५ चाच कायदा लागतो. तरी सरळ उपाय एकच, मृत्युपत्र. दोन साक्षीदारांनी तुमच्या देखत सह्या करायच्या. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका, ६७व्या कलमानं त्याचं ते दान बुडतं. आणि ६९व्या कलमाप्रमाणे लग्न झालं की लग्नाआधीचं मृत्युपत्र रद्द होतं. म्हणून लग्नानंतर नव्यानं करा.

गुळाची_ढेप | मंगळवार, दुपारी १२:२०

आणि कोयार, म्हणजे चर्चचं गायकवृंद? सूर चांगला आहे, लहानपणापासून गायलंय, विश्वास नाही. नाताळला गाऊ नये का? करंज्या आणि डोनट कुणी सोडायला सांगणार नाही, पण गाण्याचं मनाला लागतं.

जुनी_मंडळी | मंगळवार, दुपारी १२:४०

कोयारमास्तरांना सांगून गा. आल्टो आणि टेनरला माणसं मिळत नाहीत, ते नाही म्हणणार नाहीत. प्रार्थना चालवू नका, साक्ष देऊ नका (विश्वासाचा अनुभव सर्वांपुढं सांगू नका), संडे स्कूलचा वर्ग घेऊ नका. गाणं चालेल.

उत्तरेश्वर_पेठ | मंगळवार, दुपारी १:०५

या एका बाबतीत जुनी_मंडळी काकांशी पूर्ण सहमत.

शेंडा_पार्क | मंगळवार, सायंकाळी ५:३०

शेवटच्या प्रश्नाकडं, म्हणजे मातीकडं, कुणी वळलं नाही.

दफनभूमी चर्चच्या ताब्यात असेल तर जागेसाठी पाळकांची किंवा फादरची चिठ्ठी लागते. कॅथलिक कायद्याचं ११८४वं कलम उघड धर्मत्याग केलेल्यांना, मरणापूर्वी पश्चात्तापाची खूण दिसली नसेल तर, चर्चचा अंत्यविधी नाकारतं. व्यवहारात बहुतेक फादर घरच्यांकडं बघून वाट काढतात. प्रोटेस्टंट मंडळीत हे पाळक आणि कमिटीवर आहे. आईवडिलांच्या शेजारी जागा हवी असेल तर त्याची बोलणी आताच करा आणि लेखी घ्या. लोक अडतात ते मृत्यूच्या दिवशी, चार तास हातात असताना.

कुणी मंडळीच्या जोरावर कुटुंबाला वाळीत टाकत असेल, दफनभूमी बंद करत असेल, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. सदस्यत्व संपवल्यावर चर्चचा विधी न मिळणं वेगळं आणि बहिष्कार वेगळा. तक्रार करताना ही गल्लत करू नका.

दहन हवं असेल तर पंचगंगा स्मशानभूमीत धर्म आडवा येत नाही. महापालिका मोफत दहन करते, शेणी तिथंच असतात, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला न्यायचा. कॅथलिक चर्चनंही १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे. २०१६ च्या सूचनेप्रमाणे राख मात्र विखरू नये. म्हणजे श्रद्धाळू नातेवाइकांनाही दहन अगदी परकं वाटायचं कारण नाही.

देहदानाचा विचार असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडं अर्ज मिळतो, दोन साक्षीदार लागतात. खरी संमती मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकांची असते. त्यांनी नाही म्हटलं तर अर्जाला अर्थ नाही. शवविच्छेदन झालं असेल किंवा संसर्गजन्य आजार असेल तर देह घेत नाहीत. डोळे ६ तासांच्या आत काढावे लागतात, तोवर पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस.

आणि हे सगळं मृत्युपत्रात लिहू नका. मृत्युपत्र माती झाल्यावर उघडतं. वेगळ्या कागदावर लिहा, एक प्रत कपाटात आणि एक जो त्या दिवशी धावपळ करणार आहे त्याच्याकडं.

माळावरचा | मंगळवार, रात्री ८:१०

शेंडा_पार्क, त्या शेवटच्या ओळीसाठी धन्यवाद.

रविवारची_घंटा | मंगळवार, रात्री ९:००

घरी सांगायचं कसं, तेही लिहा कुणीतरी. माझं वरचं मत मी मागं घेत नाही, पण आईवडिलांचा विचार व्हावा.

पंचगंगा_काठ | मंगळवार, रात्री ९:५०

गुड फ्रायडे, नाताळ आणि घरातलं आजारपण या काळात सांगू नये. फॅमिली ग्रुपवर तर मुळीच नाही. पत्र कमिटीकडं जाण्याआधी घरी कळलं पाहिजे. पाळकांकडून कळलं तर आईवडिलांना चारचौघांत उघडं पडल्यासारखं वाटतं आणि मग विश्वासाचा विषय बाजूला राहून अब्रूचा होतो. सांगताना काय चालू राहणार ते आधी सांगा: रविवारी आईला चर्चपर्यंत सोडणं, नाताळचं जेवण, मयतीला उभं राहणं. यहूदा आणि क्विरिनियस त्या दिवशी काढू नका. आईला वंशावळीशी देणंघेणं नसतं. मरणानंतर आपलं पोर आपल्याला भेटणार नाही ही तिची खरी भीती असते, आणि तिच्यावर युक्तिवाद चालत नाही. ऐकून घ्यावं लागतं.

सोडणाऱ्यालाही भीती असते. विश्वास गेला तरी नरकाचं भय रात्री येतं, कारण ते लहान वयात शिकवलेलं असतं. याचा अर्थ 'मनातून अजून विश्वास आहे' असा नाही. झोप उडत असेल तर समुपदेशकाकडं जा. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.

काळा_कोट | मंगळवार, रात्री १०:१०

एक व्यावहारिक बाब राहिली. चर्चच्या ट्रस्टवर विश्वस्त असाल तर सभासदत्वाआधी त्या पदाचा राजीनामा द्या आणि ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेला का ते पाहा. नाहीतर पुढची अनेक वर्षं नोटिसा तुमच्याच नावे येतात. मिशन कंपाउंडातल्या घरात राहत असाल तर करार वाचा: घर नोकरीवर आहे, भाड्यानं आहे की सभासदत्वावर. हे बघितल्याशिवाय पत्र देऊ नका.

निळा_डोंगर | मंगळवार, रात्री ११:०५

सर्वांचे मनापासून आभार, विशेषतः जुनी_मंडळी काकांचे. एकच राहिलं. मूल झाल्यावर आजीआजोबा बाप्तिस्म्याचा आग्रह धरतात. आईवडिलांना नको असेल तर आजीआजोबांच्या शब्दावर होतो का?

दप्तरखाना | मंगळवार, रात्री ११:३०

नाही. कॅथलिक कायद्याच्या ८६८व्या कलमात आईवडिलांपैकी किमान एकाची संमती लागते आणि मूल त्या विश्वासात वाढेल अशी सबळ आशा हवी. ती अजिबात नसेल तर बाप्तिस्मा पुढं ढकलायला सांगितलंय. अपवाद मूल मरणाच्या दारी असताना. तुम्ही स्वतः कुणाच्या मुलाचे धर्मपिता व्हायला गेलात तर ८७४वं कलम आडवं येईल, त्याला विश्वासात चालणारा माणूस लागतो.

सीएनआयमध्ये बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत. त्यामुळं आजीआजोबांना सांगता येतं की घरी बाळासाठी प्रार्थना करूया, बाप्तिस्म्याचं ते मोठं झाल्यावर स्वतः ठरवेल. फक्त प्रार्थनेच्या दिवशी कुणी रजिस्टर घेऊन आलं, तर सही करण्याआधी वरचं शीर्षक वाचा.